बडीशेपेचं दूध

वासरू हंबरलं की मारितला पान्हा फुटायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत उभी होती. खिडकीबाहेर वासरांच्या पांढऱ्या खोपटांची रांग होती आणि त्यातल्या शेवटच्या खोपटात पहाटे जन्मलेली एक कालवड गळा काढून आईला बोलावत होती. आई तिकडे गोठ्यात, लेक इकडे. दुभत्याच्या धंद्यात असंच असतं, पहिल्या दिवशीच ताटातूट. या घरात सून म्हणून आल्यापासून मारितनं असं हंबरणं शेकडो वेळा ऐकलं होतं आणि कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र छातीत आधी मुंग्या आल्या, मग कळ आली, आणि बघते तो स्वेटरवर दोन ओले डाग. तिनं सुरी टाकली आणि दोन्ही हात छातीवर आडवे दाबून धरले. दाबलं की थांबतं, हे तिचं तिलाच कळलं.

तिची मुलगी सहाव्या महिन्याच्या शेवटी पोटातच गेली होती. इस्पितळात तिला जन्म दिला, दुसऱ्या दिवशी घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी चर्चच्या टेकाडावर पुरली. पुरण्याची वेळ सकाळचं दूध काढून झाल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आधी, अशी बेतून ठरवली होती. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. फ्रीसलंडच्या या दुभत्या मुलखात लग्नं, बारशी, अंत्यविधी सगळं याच दोन वेळांच्या मधे बसवतात. गाईंना कुणाचं सुतक नसतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, दूध येऊच नये म्हणून गोळी देऊ का? मारित नको म्हणाली. का नको म्हणाली, ते तिला सांगता आलं नसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, घट्ट कपडे घाला, थंड कोबीची पानं लावा, फार दुखलं तरच थोडंसं पिळून टाका. आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जाईल. मारितनं मान हलवली. आपोआप जाणाऱ्या गोष्टींवर तिचा आता फारसा विश्वास उरला नव्हता.

आणि घर कसलं, तर दुधाचं. शंभरावर गाई, दर तिसऱ्या दिवशी टँकर, जेवणाच्या टेबलावर बोलणं कशाचं तर दुधाचं. किती निघालं, फॅट किती लागली, कुठल्या गाईच्या कासेला सूज आहे. मारितचा नवरा गेर्बेन एरवी शब्दाला महाग माणूस, पण गाईच्या कासेवर तो तासभर बोलू शकत होता. आता त्याच्या बायकोची छाती दगडासारखी झाली होती, स्वेटरच्या आत कोबी होता, घरभर त्या कोबीचा वास येत होता, आणि हा गडी सूप पिताना भांड्याच्या तळाकडे बघत होता.

एकदाच बोलला. तेही न बोलता तर बरं झालं असतं.

"काढतेस का तू?" त्यानं विचारलं.

"काय?"

"दूध. दुखतं म्हणून काढत असशील तर काढू नकोस. काढलं की पुन्हा भरतं. गाय आटवताना आम्ही एकदम बंद करतो. खुराक कमी, नुसतं वाळलं गवत. चार दिवस ओरडते, मग आटते."

"मी ओरडत नाहीये," मारित म्हणाली.

"नाही, मी आपलं सांगितलं." त्याचे कान लाल झाले. उरलेलं सूप त्यानं उभ्या उभ्या संपवलं आणि गोठ्यात गेला. आटवायच्या गाईच्या मागच्या पायाला तो लाल पट्टी बांधायचा, म्हणजे चुकून कुणी तिला यंत्र लावू नये. मारितला वाटलं, याला जमलं तर हा माझ्याही पायाला पट्टी बांधेल.

खरं म्हणजे ती काढत होती. न्हाणीघरात, गरम पाण्याखाली, दार लावून. दुखणं थांबेपर्यंत काढायचं असं ठरवायची आणि त्याच्याही पुढे थोडं काढायची. पहिल्यांदा ते पातळ, निळसर दूध मोरीच्या जाळीतून जाताना बघितलं तेव्हा तिनं जाळीवर पाऊल ठेवलं. पण थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं.

तिच्या मनात जे होतं ते सरळ सांगायचं तर एवढंच. हे दूध त्या मुलीसाठी आलं होतं, दुसऱ्या कुणासाठी नाही. बाकी सगळ्यांनी मुलीला कधीच आटोपलं होतं. हे तेवढं राहिलं होतं. हे आटलं की ती होती, याला पुरावा काय?

कारण घरातून तर तिला साफ पुसून काढलं होतं. इस्पितळातून परत आल्या दिवशी मारितनं वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीचं दार उघडलं तर आत काही नव्हतं. पाळणा नाही, घड्या घातलेली झबली नाहीत, पडदासुद्धा धुऊन पुन्हा लावलेला. सासूबाईंचं काम. सासूबाई त्याच अंगणात, पलीकडच्या लहान घरात एकट्या राहायच्या आणि पाच मिनिटांत कुठलीही खोली रिकामी करू शकायच्या. इस्पितळात त्या आल्या नव्हत्या. मुलगी एक रात्र घरी होती तेव्हाही त्यांनी दारातून आत पाऊल टाकलं नाही. टेकाडावर आल्या, काळा कोट घालून टोकाला उभ्या राहिल्या, आणि संपताच कपडे बदलून वासरांना पाजायला गेल्या.

आणि नावाचं दुखणं वेगळंच होतं. पहिल्या नातीला आजीचं नाव द्यायचं, ही इकडची रीत. मुलगी आहे असं कळलं त्या दिवशीच नाव ठरलं, ठरलं कसलं, ते ठरलेलंच होतं. बाउक्ये. सासूबाईंचं नाव. टेकाडावर पाद्रीबाईंनी ते एकदा उच्चारलं, आणि त्यानंतर ते नाव कुणाच्या तोंडून आलं नाही. गेर्बेन 'ते' म्हणायचा. "ते झालं तेव्हा", "त्याच्या आधी". शेजारणी "तुमचं दुःख" म्हणायच्या. मारितलाही ते नाव घेता येईना, कारण या घरात बाउक्ये म्हटलं की अंगणापलीकडची म्हातारी डोळ्यांपुढे यायची. तिला एक संशयही खात होता. हे नाव सगळ्यांनी मिळून पुन्हा फडताळात ठेवून दिलं असणार, पुढच्यासाठी.

सासूबाई रोज संध्याकाळी मात्र यायच्या. हातात थर्मास. त्यात बडीशेप घालून उकळलेलं, साखर घातलेलं गरम दूध. झोप येत नाही, मन लागत नाही, पोट दुखतं, बर्फावर पडून आलात, इकडे सगळ्याला हेच औषध. त्या कप भरायच्या, मारितपुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पी. झोप लागेल."

मारित प्यायची. सासूबाई समोर बसायच्या, कप रिकामा होईपर्यंत खिडकीबाहेर बघायच्या, कप विसळायच्या आणि जायच्या. दोघींत तेवढीच भाषा होती. झोप काही लागायची नाही. पण सबंध दिवसात दुसऱ्या माणसाच्या समोर बसून काही पोटात जात होतं ते तेवढंच, म्हणून मारित संध्याकाळची वाट बघायची, आणि वाट बघते म्हणून स्वतःवर चिडायची.

दिवसा हिंके असायची. बाळंतिणीकडे आठवडाभर येणारी बाई असते, ती. एरवी तिचं काम म्हणजे बाळाला अंघोळ, आईला अंगावर पाजायला शिकवणं, आणि बघायला आलेल्यांना बाळाचा खाऊ देणं. गोल टोस्टला लोणी लावायचं आणि वर साखरेत घोळलेली गुलाबी-पांढरी बडीशेप पेरायची, तो खाऊ. इथे यातलं काहीच नव्हतं. हिंकेनं पलंगाच्या चादरी बदलल्या, न्हाणीघर घासलं, मारितचा ताप बघितला आणि मग इस्त्री काढून बसली. गेर्बेनच्या गोठ्यातल्या पँटींनासुद्धा तिनं इस्त्री केली. जन्मात पहिल्यांदाच झाली असेल.

जायच्या आदल्या दिवशी हिंकेनं मारितची छाती तपासली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे एव्हाना उतरायला हवं होतं गं. काढतेस का?"

"थोडं."

"थोडं म्हणजे थोडंच ना? बरं, खातेस-पितेस काय?"

"सूप. ब्रेड. आणि संध्याकाळी आई दूध आणतात."

"कसलं दूध?"

"बडीशेपेचं."

हिंके आधी हसली आणि मग तिचं हसू तोंडातच राहिलं. "अगं देवा. रोज? अगं, बडीशेप दूध वाढायला देतात. बाळाच्या खाऊत ती उगाच का घालतात? माझ्या आजीपासून सगळ्या हेच सांगत आल्या. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, पण मी माझ्या बायकांना दूध आटवायचं असेल तर शिवू देत नाही. तुझ्या सासूबाईंच्या लक्षात कसं आलं नाही? पोरं वाढवलीत ना त्यांनी?"

"त्या झोप यावी म्हणून देतात."

"सांगते मी त्यांना."

"नको," मारित म्हणाली. फार पटकन म्हणाली. "मी सांगेन."

हिंकेनं तिच्याकडे बघितलं. बाई बोलघेवडी होती पण आंधळी नव्हती. तिनं मारितचा स्वेटर खाली ओढून सारखा केला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी कप भरला आणि मारितनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग म्हणाली, "अजून आहे का?"

सासूबाईंना बरं वाटलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा थर्मास आणला.

असे किती दिवस गेले असते कोण जाणे. हिंकेचा आठवडा संपला, ती गेली. मारित एकटी राहिली. वासरू हंबरलं की हात आडवे घ्यायचे, न्हाणीघरात दार लावायचं, संध्याकाळी दोन कप प्यायचे. तिला एक प्रकारचं चोरटं समाधान मिळत होतं आणि त्याचीच भीतीही वाटत होती. हे कुणाला सांगायचं? माहेरी आईला फोनवर सांगून बघितलं तर आई रडायला लागली आणि मारितलाच तिची समजूत घालावी लागली. गेर्बेनला सांगावं तर तो पट्टी शोधायला जायचा. रात्री दोघं एका पलंगावर पाठीला पाठ लावून झोपायची, आणि कुशीवर वळावं तर छाती दुखायची.

मग एके दिवशी डाव्या बाजूला लाल चट्टा उठला आणि अंगात ताप भरला. गावातले डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले. अंगणातून गाडीकडे जाताना त्यांना सासूबाई भेटल्या. काय बोलणं झालं ते मारितला खिडकीतून ऐकू आलं नाही, पण म्हातारी वासरांच्या बादल्या हातात धरून तशीच उभी राहिलेली दिसली. डॉक्टरांची गाडी कालव्याच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी उभी होती.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा हातात थर्मास नव्हता. कोट न काढताच खुर्चीवर बसल्या.

"डॉक्टर म्हणाले, काय देता तिला. मी सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मला एवढंच माहीत होतं की पोराला झोप येत नसली की आई ते देते. मी तुला रोज आणून पाजत राहिले. माझ्या हातानं."

मारितला गप्प बसता आलं असतं. म्हातारीनं माफी मागितली असती, हिनं मान डोलावली असती, आणि दोघींनी पुन्हा तोंडात मिठाची गुळणी धरली असती. पण तापानं म्हणा, कशानं म्हणा, तिचा बांध फुटला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "हिंकेनं सांगितलं होतं. मी मुद्दाम पीत होते."

सासूबाईंनी मान वर केली.

"हे गेलं की काय राहणार आहे माझ्याकडे? खोली तुम्ही रिकामी केलीत. तिला बघायलाही आला नाहीत. गेर्बेन 'ते' म्हणतो तिला, ते. सगळ्यांचं आवरून झालंय, आई. माझंच तेवढं वाहतंय. आणि नाव तर तुम्ही परत घेऊन ठेवलंयत पुढच्या पोरीसाठी."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं? कुणी घेतं का ते?"

म्हातारीनं कोटाची बटणं सोडायला घेतली. बोटं जाड, वातानं वाकडी झालेली, बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात त्या एकेक वाक्य बोलत गेल्या, मारितकडे न बघता.

"इस्पितळात नाही आले, कारण गाई कोण बघणार होतं? गेर्बेन तुझ्याजवळ असायला हवा होता. दोन दिवस मीच काढलं दूध. खोली रिकामी केली ती मला वाटलं तू दार उघडशील आणि पाळणा दिसेल म्हणून. माझ्यावर वेळ आली असती आणि कुणी आवरू का विचारलं असतं तर मीही नको म्हटलं असतं कदाचित, मला काय ठाऊक. आणि बघायला..." एक बटण अडलं. "दारापर्यंत आले होते. आत माझंच नाव लिहिलेली पेटी होती. मला पाऊल टाकता येईना. हे मी कुणाला सांगू? लोक म्हणतील म्हातारीला स्वतःचं पडलंय."

बाहेर अंगणापलीकडून दूध काढायच्या यंत्राची मोटर चालल्याचा आवाज येत होता. तो आवाज रोज दोनदा यायचा आणि म्हणून कुणालाच ऐकू यायचा नाही.

"नाव मी घेत नाही, कारण मला वाटलं तू ठरवशील," सासूबाई म्हणाल्या. "राखून ठेवायचं की काय. लोक ठेवतात."

"नाही. ते तिचं आहे."

"मग तिचंच. मला एक पुरे आहे वापरायला."

त्या उठल्या. मारितला वाटलं, चालल्या. पण त्यांनी फडताळ उघडलं, गोल टोस्टचा डबा काढला, आणि डब्यामागून तो खोका बाहेर आला. गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेचा. मुलगी आहे असं कळलं त्या आठवड्यात मारितनं आणून ठेवला होता. खोली आवरणाऱ्या बाईच्या नजरेतून तेवढा एक निसटला होता.

सासूबाईंनी खोका हातात धरून वाचला, जणू काही त्यावर नवीन काही लिहिलं असेल. मग ताटली घेतली. टोस्टला लोणी लावलं, अगदी काठापर्यंत, खोका फोडून वर बडीशेप पेरली आणि ताटली घेऊन मारितसमोर बसल्या. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले. शेजारच्या घरी बाळ बघायला गेलेली बाई बसते तशा.

"हं," त्या म्हणाल्या. "सांग. कशी होती बाउक्ये?"

हे कुणीही विचारलं नव्हतं. झालं कसं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कशी होती, हे कुणी नाही.

"लांब होती," मारित म्हणाली. "हात लांब. गेर्बेनसारखे. कान..." सासूबाईंनी टोस्टचा घास घेतला. तो एवढ्या जोरात कुरकुरला की दोघी दचकल्या. "कान चिकटलेले होते डोक्याला, पाकळीसारखे. भुवया होत्या. एवढ्याशा, पण होत्या. चिडल्यासारख्या."

"त्या आमच्याकडच्या," सासूबाई म्हणाल्या आणि चावत राहिल्या. त्यांचे डोळे गळत होते पण त्यांनी पुसले नाहीत, हाताला लोणी लागलं होतं.

खिडकीबाहेर कुठलंसं वासरू हंबरलं. मारितच्या छातीत मुंग्या आल्या. हात आपोआप उचलले गेले, पण आडवे घेतले नाहीत तिनं. स्वेटरवर डाग पसरला. सासूबाईंनी तो बघितला आणि नजर काढून घेतली नाही.

"मला एक द्या," मारित म्हणाली.

"बडीशेप आहे यात."

"माहीत आहे."

सासूबाईंनी जरा विचार केला. मग दुसरा टोस्ट घेऊन त्याला लोणी लावलं. "एकच," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस. उद्यापासून दोघींचंही बंद."

दुसऱ्या दिवसापासून थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी आणि लिंबू आलं. ते कुणालाच आवडत नव्हतं, दोघी तोंड वाकडं करून प्यायच्या. सासूबाई नाव घ्यायला विसरायच्या नाहीत. कधी कधी मुद्दाम ओढूनताणून घ्यायच्या, "बाउक्येला हा वारा आवडला नसता," असलं काहीतरी, आणि मारितला हसू यायचं आणि लगेच रडू. सासूबाई गेल्या की घर पुन्हा तेवढंच मोठं व्हायचं. न्हाणीघरात आता ती दुखणं थांबलं की हात थांबवायची. ते सोपं नव्हतं. रोज थोडं कमी यायचं आणि रोज ती तिथे पाणी थंड पडेपर्यंत उभी राहायची.

गवताला हिरवी चमक यायला लागली तेव्हा एके दिवशी दुपार कलताना ती बटाटे सोलत होती. वासरू हंबरलं. तिनं सुरी खाली ठेवली आणि वाट बघितली. वासरू पुन्हा हंबरलं, पुन्हा. मुंग्या आल्या नाहीत. तिनं स्वेटरच्या आत हात घालून बघितलं. कोरडं होतं. सासूबाई शहरात डोळे तपासायला गेल्या होत्या. घरात सांगायला कुणी नव्हतं.

तिनं रबरी बूट घातले आणि अंगण ओलांडून गोठ्यात गेली. संध्याकाळचं दूध नुकतंच सुरू झालं होतं. दूध काढणाऱ्यासाठी गाईंच्या दोन रांगांमधे खणलेल्या खालच्या खड्ड्यात गेर्बेन उभा होता, दोन्ही बाजूंना गाईंच्या कासा, यंत्राचे पेले धापधाप ओढत होते. इथे ती महिन्याभरात फिरकली नव्हती. तिला बघून त्यानं टोपी मागे सारली.

"काय झालं?"

मोटरच्या आवाजात तिला ओरडून सांगावं लागलं असतं. तिला ओरडायचं नव्हतं. ती कठड्याजवळ गेली, वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "बाउक्येचं दूध आटलं."

गेर्बेननं आजवर हजारो गाई आटवल्या होत्या. गाय आटली की तो 'झालं' म्हणायचा आणि पुढच्या गाईकडे वळायचा. आता तो वळला नाही. मग तो खड्ड्याच्या टोकाला गेला आणि भिंतीवरची कळ खाली ओढली.

मोटर थांबली. गाईंच्या सडांना लागलेले पेले एकेक करून गळून लोंबायला लागले. मुलीला पुरलं त्या दिवशीसुद्धा जी मोटर वेळेवर सुरू झाली होती, ती ऐन दूध काढायच्या वेळी बंद पडलेली गाईंनी कधी अनुभवली नव्हती. त्यांनी माना वळवून बघितलं. पत्र्यावरचा वारा ऐकू यायला लागला.

गेर्बेन पायऱ्या चढून वर आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. हात शेणामुतानं भरले होते म्हणून त्यानं ते बाजूला धरले होते.

"बाउक्येचं," तो म्हणाला.

गाई वाट बघत उभ्या होत्या. त्यानं त्यांना उभं राहू दिलं.